शंभरातले तीन

गल्लीत त्यांना युद्धमास्तर म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं नाव तोंडावर यायला असा कितीसा वेळ लागतो? कोपऱ्यावरचा भाजीवाला तर बटाटे तोलता तोलता खुशाल विचारायचा, "काय मास्तर, लागतंय का युद्ध? नाही, म्हणजे कांदे भरून ठेवू का, तेवढं सांगा." मास्तर हसून पिशवी पुढे करायचे. राग म्हणून त्या माणसाला ठाऊक नव्हता. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे, आणि आवाज इतका मऊ की मागच्या दोन बाकांना सर काय शिकवत होते ते परीक्षेतच कळायचं. असा हा माणूस आयुष्यभर अभ्यास कशाचा करत होता, तर लढायांचा!

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावून तिची जीभ चांगली परजलेली होती. "ह्यांना घरात बायको रागावलीय हे दुसऱ्या दिवशी कळतं," ती येईल त्याला सांगायची, "आणि दोन देश कधी हातघाईवर येणार ते महिनाभर आधी सांगतात. आहे की नाही कमाल!"

थट्टा थट्टेच्या जागी, पण काम खरं होतं. कॉलेज सुटलं की मास्तर विद्यापीठातल्या संशोधन केंद्रात जायचे. केंद्र म्हणजे काय, तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली, चार टेबलं, कायम गुरगुरणारा एक पंखा आणि खिडकीखाली सायकली लावायची जागा. तिथे सगळ्या सरहद्दी जिल्ह्यांच्या बातम्या यायच्या. कुठे गोळीबार झाला, कोणी केला, किती माणसं गेली, हे वाचायचं आणि कॉम्प्युटरात भरायचं. अशा कितीतरी वर्षांच्या नोंदी पोटात घेऊन त्यातलं एक गणिती मॉडेल दर महिन्याला प्रत्येक जिल्ह्याचा एक आकडा काढायचं: पुढच्या महिन्यात तिथे लढाई पेटण्याची शक्यता शंभरात किती. हवामानखातं पावसाचं सांगतं ना, तसंच. हे आकडे बाहेरदेशीचे अभ्यासक घ्यायचे, मदत वाटणाऱ्या संस्था घ्यायच्या. नोंदी तपासायचं काम मास्तरांकडे होतं आणि त्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. केंद्राच्या प्रमुख मॅडम म्हणायच्या, मास्तरांच्या नजरेखालून गेलेली ओळ पुन्हा बघायची गरज नाही.

आणि मास्तरांची धाकटी बहीण नेमकी अशाच एका जिल्ह्यात राहत होती.

आई लवकर गेली, बाप फिरतीवर, म्हणून धाकटीला मास्तरांनीच वाढवलेलं. तिच्या वेण्या घातल्या, तिला शाळेत पोचवलं, तिच्या तापात रात्री जागवल्या. तिच्या तोंडचा 'दादा' हा शब्द भावासाठी होता तितकाच आईबापांसाठीही होता. तिने सरहद्दीजवळच्या गावातला एक टेलर पसंत केला तेव्हा मास्तरांना ते गाव काही पसंत पडलं नाही. पण टेलर पहिल्यांदा घरी आले, मास्तरांच्या पँटकडे नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "दादा, माफ करा, पण ही ज्याने शिवली त्याचं तुमच्याशी काय वैर आहे?" मास्तर इतके हसले की चहा सांडला. लग्न ठरलं ते तिथेच.

दोघांचं गणवेशाचं दुकान होतं. टेलर कापायचे, धाकटी शिवायची. शाळा उघडायच्या आधीच्या दोन महिन्यांत वर्षाची कमाई व्हायची. दुकानात पाय ठेवायला जागा नसायची, सगळीकडे निळे सदरे आणि त्यांना बटणं लावणारी धाकटी. मूलबाळ झालं नाही. त्याचं दुःख होतं, पण टेलर म्हणायचे, गावातली सगळी पोरं आपणच तर नटवतो. ही त्यांची बोलायची रीत.

सरहद्दीवर कुरबूर सुरू झाली की धाकटीचा फोन ठरलेला. "दादा, निघू का?"

एवढंच विचारायची. मास्तर आकडा सांगायचे. "शंभरातले दोन. बस निवांत." किंवा, "चार आहे. काही होत नाही." आणि खरंच व्हायचं नाही. वर्षांमागून वर्षं दादा म्हणाला तसंच झालं. मग तिच्या गल्लीलाही त्याची सवय लागली. टीव्हीवर कितीही आरडाओरडा चालू असो, शेजारणी दुकानाच्या पायरीवर येऊन आधी विचारायच्या, "तुझा दादा काय म्हणतो?" धाकटी ऐटीत सांगायची, "दादा म्हणतो, बसा." की गल्ली बसली! मास्तरांना हे कळलं तेव्हा त्यांनी वरवर कानाला हात लावले, पण आत कुठेतरी सुखावले ते. का नाही सुखावणार? आयुष्यभर लेख लिहिले, ते वाचले कोणी, तर दुसऱ्या लेख लिहिणाऱ्यांनी. इथे मात्र एक अख्खी गल्ली त्यांच्या शब्दावर निर्धास्त होती.

त्या वर्षी कुरबूर जरा लांबली. रोज कुठे ना कुठे गोळीबार. धाकटीने या खेपेला बॅग भरूनच फोन केला. "दादा, बस सुटायला अजून वेळ आहे. हे म्हणतायत, ऑर्डरी अंगावर आहेत, पण तू म्हणशील तसं. निघू का?"

बायको शेजारीच होती. ती म्हणाली, "येऊ द्या की त्यांना. चार दिवस माहेरी राहील, बिघडलं कुठे?"

मास्तरांनी तिला हातानेच थांबवलं. कागद समोर होता, आकडा ताजा होता. "शंभरातले तीन," ते म्हणाले. "तीनसाठी ऐन हंगामात दुकान बंद ठेवतं का कोणी? बॅग सोड बघू."

"बघ हं दादा."

"अगं, सांगतोय ना मी."

तिचा जीव भांड्यात पडला. मागे टेलर मोठ्याने म्हणाले, "विचार त्यांना, मी शिवलेली पँट झाली का ढिली?" आणि तिने हसत फोन ठेवला.

त्याच आठवड्यात सरहद्दीपलीकडून तोफांचा मारा झाला आणि दोन गोळे बाजारात पडले. टेलर दुकानाचं शटर उघडत होते. धाकटी घरून डबा घेऊन निघाली होती, चौकापर्यंत पोचली होती, म्हणून वाचली. म्हणजे लोक असं म्हणतात, वाचली.

मास्तर पोचले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. धाकटी ओटीवर बसली होती. ती रडली, त्यांच्या गळ्यात पडली, दादा दादा म्हणाली. ते तरी बरं होतं. पण परत निघताना शेजारचे एक म्हातारे पुढे आले. त्यांची सूनही त्याच माऱ्यात मेली होती. त्यांनी मास्तरांना खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्हीच का ते दादा?"

मास्तर म्हणाले, "हो."

म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि वाट सोडून बाजूला उभे राहिले. ना शिवी, ना शाप. मास्तरांना वाटलं, ह्यांनी चपलेने मारलं असतं तर फार बरं झालं असतं.

धाकटीला त्यांनी घरी आणलं. पुढचे महिने घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. धाकटी सकाळी उठायची, सगळ्यांचा चहा करायची, वहिनी नको नको म्हणत असताना तिचे जुने पडदे उसवून पुन्हा शिवायची. दादाशी नीट बोलायची. जेवलास का, औषध घेतलंस का. त्या तोफगोळ्यांबद्दल, त्या फोनबद्दल एक अक्षर नाही. मास्तरांना ते नीट बोलणं सोसवत नव्हतं. ती समोर आली की त्यांच्या हातातला पेपर नुसताच हातात राहायचा. बायको शेवटी वैतागली. "अहो, तिच्याशी बोला काहीतरी. घरात दोन पाहुणे असल्यासारखे काय वावरताय!"

"काय बोलू?"

"ते मी सांगू?"

केंद्रात त्या तोफमाऱ्याच्या महिन्याच्या नोंदी तपासायची वेळ आली. मॅडम टेबलापाशी आल्या. सहसा खुर्चीवरून उठायच्या नाहीत, पण आल्या. "मास्तर, तुमच्या बहिणीच्या जिल्ह्याची ओळ मी बघते. तुम्ही नका बघू."

"मीच बघतो," मास्तर म्हणाले.

त्यांनी बातम्या वाचल्या, नावं जुळवली, दोनदा मोजलेली वगळली. बाजारात आणि आजूबाजूला मिळून त्या महिन्यात एकोणीस माणसं गेली होती. आणि मास्तरांनी त्या ओळीत शून्य भरलं.

आता ह्याचा खुलासा करायलाच हवा, नाहीतर तुम्हाला वाटेल त्या माणसाला वेड लागलं. केंद्राचा नियमच तसा होता. एका महिन्यात, एका जिल्ह्यात पंचवीस किंवा जास्त माणसं मेली तरच लढाई झाली असं धरायचं. त्याखाली शून्य. नियम काही वेडगळ नव्हता. कुठेतरी रेघ मारावी लागते. नाहीतर प्रत्येक चकमक, प्रत्येक तस्कराची गोळी म्हणजे लढाई, मग कशाची कशाशी तुलना करणार? नव्या येणाऱ्या प्रत्येकाला हे मास्तर स्वतः समजावून सांगायचे, तेही छान उदाहरणं देऊन. इतकी वर्षं सांगून सांगून ती रेघ त्यांना दिसेनाशीच झाली होती. शंभरातले तीन म्हणजे पंचवीस माणसं मरण्याची शक्यता शंभरात तीन, हे त्यांनी फोनवर कधी धाकटीला सांगितलं नाही. लपवलं नाही हो. त्यांच्या मनातच आलं नाही. बहीण विचारत होती, आमच्यातलं कोणी मरेल का? आणि भाऊ उत्तर देत होता, पंचवीस मरतील का, ह्याचं.

मॅडम हळूच म्हणाल्या, "एका अर्थी आपलं मॉडेल चुकलं नाही, मास्तर." त्या वाईट बाई नव्हत्या. धीर द्यावा म्हणूनच बोलल्या. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग जिन्यात जाऊन रेलिंग धरून उभे राहिले आणि लहान पोरासारखे हमसून हमसून रडले. वर येणारी दोन मुलं त्यांना बघून परत खाली गेली.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने या खेपेला टोमणा मारला नाही, हे तिच्या बाबतीत नवलच. मग म्हणाली, "हे धाकटीला सांगू नका."

"तिला कळायला नको?"

"कळून काय करेल? आधीच अर्धी झालीय ती. झालं ते झालं म्हणून कशीबशी उभी आहे. तुमचं मन हलकं करायला तिच्या डोक्यावर आणखी ओझं देऊ नका."

पटलं त्यांना. गप्प राहिले. आणि खोटं कशाला बोलू, गप्प राहणं सोपंही होतं.

मग शाळा उघडायचे दिवस पुन्हा जवळ आले. एका दुपारी धाकटी खिडकीशी शिवत बसली होती, मास्तर कॉलेजच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन समोर. सुईत दोरा ओवता ओवता ती आपणहून बोलायला लागली.

"दादा, मी जायचं म्हणते. दुकान उघडते. गल्लीतल्यांनी छप्पर नीट करून दिलंय, मशीनही चालतंय म्हणे."

"तिथे? आत्ता?"

"किती दिवस इथे पडदे शिवू? वहिनीकडे उसवायला पडदे उरले नाहीत आता." ती किंचित हसली. कितीतरी दिवसांनी. "आणि एक सांगू? तू माझ्यापासून तोंड चुकवत फिरतोस ना, ते सोड. मी तुला एकदा तरी बोल लावला का? का नाही लावला, सांगू? तू शून्य म्हणाला नव्हतास. तीन म्हणाला होतास. शंभरातले तीन कोणीतरी असणारच, ते आम्ही निघालो. नशीब आमचं. त्यात तुझा काय दोष? रोज सकाळी उठले की मी स्वतःला हेच सांगते, म्हणून तर उभी आहे."

मास्तरांनी हातातला पेपर गठ्ठ्यावर ठेवला.

"गल्लीतले घाबरलेत थोडे," ती पुढे म्हणाली. "मी त्यांना सांगितलंय, दादा आहे ना आपला. दर वेळी काय आपणच तिनात सापडणार? तू दर महिन्याला आकडा सांगत जा मला. तू म्हणशील बस, तर बसू. म्हणशील निघ, तर निघू."

म्हणजे तिने माफ केलं होतं. इतकंच नाही, पुन्हा जीव हातात द्यायला ती तयार होती, स्वतःचा आणि अख्ख्या गल्लीचा. मास्तरांनी फक्त मान हलवायची होती. मान हलवली असती तर बहीण राहिली असती, दादा राहिला असता, आणि पुढच्या गोळीबारात ते सगळे पुन्हा त्याच आकड्यावर विसंबून शटर उघडायला गेले असते.

"धाकटे," ते म्हणाले, "तुम्ही त्या तिनात नव्हता."

तिला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. रेघ सांगितली, पंचवीस सांगितले, एकोणीस सांगितले. अडखळत, घाम पुसत, पण काही राखून न ठेवता. आणि त्या ओळीत स्वतः काय भरलं तेही सांगितलं. धाकटीची सुई केव्हाच थांबली होती. आतून वहिनी दारात येऊन उभी राहिली आणि तिने कपाळाला हात लावला.

"मग आम्ही कशात होतो?" धाकटीने विचारलं.

"सत्त्याण्णवात."

"म्हणजे काही होत नाही त्यात?"

"हो."

"आणि ह्यांचं नाव? ते कुठे लिहिलं असेल ना?"

"नावं नसतात त्यात. नुसता आकडा असतो."

"शून्य."



ती ओरडली असती, हातातलं फेकलं असतं, तर मास्तरांनी ते अंगावर घेतलं असतं. तिने तसं काही केलं नाही. कापडाची घडी केली, सुई रिळात खोचली आणि आत गेली. संध्याकाळी जेवली नाही. वहिनी तिच्याजवळ जाऊन बसली, पाठीवरून हात फिरवत राहिली. "आधाराला एवढं एकच होतं हो वहिनी माझ्याकडे," एवढं ती म्हणाली, आणि मग पुष्कळ रडली.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. बस स्टँडवर मास्तर बॅग घेऊन मागे मागे चालत होते. उभ्या आयुष्यात कोणाचा हात न ओढलेल्या त्या माणसाने तिचा हात धरला. "जाऊ नकोस. मी सांगतो म्हणून जाऊ नकोस. आकडाबिकडा काही नाही, मला भीती वाटते."

"कसली भीती?" धाकटीने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "तुझ्या हिशेबात तर तिथे अजून काहीच झालेलं नाही."

हात सोडवून ती बसमध्ये चढली. मास्तर बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभे होते. तिने एकदा बघितलं, नाही असं नाही. पण हात केला नाही.

मास्तर केंद्रात जात राहिले. मॅडमशी भांडले, म्हणजे त्यांना जमेल तितकं भांडले. एक माणूस मेला तरी नोंद दिसली पाहिजे, म्हणाले. मॅडमनी ऐकून घेतलं, टिपून घेतलं, पुढच्या बैठकीत बघू म्हणाल्या. संशोधनाचा पेपर एका मोठ्या नियतकालिकात छापून आला. त्यातल्या नकाशात धाकटीचा जिल्हा पांढरा होता. अंदाज बरोबर आलेल्या जिल्ह्यांचा तो रंग. मास्तरांचं नावही होतं लेखकांत, तिसरं. भाजीवाल्याने पेढ्यांची फर्माईश केली तेव्हा ते नुसतेच पैसे देऊन घरी आले.

धाकटीचे फोन यायचे, पण वहिनीच्या मोबाइलवर. दुकान चाललंय, कापणारा एक माणूस ठेवलाय, बरी आहे. शेवटी ती न चुकता विचारायची, दादा बरा आहे ना? बरा आहे, वहिनी म्हणायची. देऊ का त्यांना? नको, कामात असेल.

थंडी सरता सरता सरहद्दीवर पुन्हा गोळीबार सुरू झाला. मास्तर दिवसभर फोन खिशात घेऊन हिंडत होते. वर्गातही टेबलावर समोर ठेवायचे. आता ती 'निघू का' म्हणाली की काय म्हणायचं हे त्यांनी पक्कं करून ठेवलं होतं. आकड्याकडे बघायचंच नाही. निघ म्हणायचं, आत्ता निघ, मी स्टँडवर येतो. धाकटीची खोली त्यांनी स्वतः झाडली, गादीला ऊन दाखवलं.

फोन रविवारी सकाळी आला. वहिनीच्या मोबाइलवर. मास्तर दाढी अर्धवट टाकून बाहेर आले आणि समोर उभे राहिले. बायको 'हं', 'हं' म्हणत राहिली, 'सांभाळून गं' म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

"काय म्हणाली? विचारलं का तिने काही?"

"नाही. गल्लीने मिळून ठरवलं म्हणे. काल दुपारीच सगळे निघाले."

"मग पोचेलच आता," मास्तर म्हणाले. "मी स्टँडवर जातो."

बायकोने त्यांच्या गालावरचा साबण पदराने पुसला. इतक्या वर्षांत तिने कधी असं केलं नव्हतं.

"इकडे नाही आली ती," ती म्हणाली. "शेजारच्या त्या म्हाताऱ्यांच्या भाचीकडे गेलीय, त्यांच्याबरोबर."

मास्तरांनी मान हलवली आणि ते दाढी करायला परत आत गेले.